अडकलेल्या किकची कैफियत

मित्रांनो, माझी आणि तुमच्या हाताची ओळख नसेल. माझ्या नशिबी कायम पाय. मी एका जुन्या मोटरसायकलची किक आहे. जोर लावून मला खाली दाबले की इंजिन जागे होते. काम एवढेच, पण ते केल्याशिवाय गाडी तसूभर हलत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लालबुंद लोखंडाचा तुकडा घणाखाली ठोकून मला आकार दिला. माझ्या एका टोकाला गोल भोक पाडून त्यात आतून बारीक दाते कापले. इंजिनातून एक दांडा बाहेर येतो, त्यालाही तसेच दाते असतात. दात्यात दाते बसवून मला त्या दांड्यावर चढवले आणि एक आडवा बोल्ट घालून आवळले. दांड्याला एक खाच असते, बोल्ट तिच्यातून आरपार जातो. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय मी जागची हलू शकत नाही. एवढे लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

आमचे पहिले मालक वायरमन होते. खांद्याला वायरची गुंडाळी, डिकीत टेस्टर आणि पक्कड. ते माझ्यावर हलकेच पाय ठेवत आणि म्हणत, "चल गं बाई, लोक अंधारात बसलेत." मी अर्ध्या हेलकाव्यातच गाडी सुरू करून देत असे. शेजारी म्हणत, "काय किक आहे हो!" ते ऐकून मी नुसती चमकत असे. सुट्टीच्या दिवशी ते मला फडक्याने पुसत आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडत. त्यांचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा, तेलाची बुधली धरायला भांडत.

मग एके दिवशी वायरमनांच्या छातीत कळ आली. धाकटा गाडी घेऊन बाहेर गेला होता. रिक्षा मिळेपर्यंत फार उशीर झाला. लोक भेटायला आले होते, तेव्हा त्यांच्यासमोर थोरला बोलून गेला, "गाडी घरी असती तर बाबा वाचले असते."

धाकट्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

घराच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. भांडी वाटली, खुर्च्या वाटल्या. मोटरसायकल काही मधून कापता येईना. थोरला सकाळी तिच्यावरून छापखान्यात जाई, धाकटा संध्याकाळी घरोघरी औषधे पोहोचवी. दोघे मला लाथा घालत, पण तेल कुणीच घालेना. थोरल्याला वाटे, ते धाकट्याचे काम. धाकट्याला वाटे, ते थोरल्याचे. मी आपली गंजत राहिले. गंज आधी बोल्टवर चढला, मग दात्यांत शिरला.

शेवटी गाडीचा क्लच गेला. क्लच बदलायचा तर बाजूचे झाकण उघडावे लागते आणि ते उघडायला आधी मला उतरवावे लागते. गॅरेजच्या मिस्त्रीने मला हलवून पाहिले आणि हात झटकले. "ही निघायची नाही. ग्राइंडरने कापावी लागेल. दांड्याला धक्का लागला तर मला बोलायचं नाही."

कापायचे म्हटल्यावर दोघांचेही चेहरे पडले. बाबांची गाडी होती ना! एकमेकांकडे न बघता त्यांनी ती ढकलत घरी आणली.

अंगणात काम सुरू झाले. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याच्या वहिनी, दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. थोरल्याने बोल्टला पाना लावला.

"वहिनी, त्यांना सांगा, पाना उलटा फिरतोय," धाकटा म्हणाला.

"सांग त्याला, मला शिकवू नकोस म्हणावं," थोरला म्हणाला.

"वहिनी, त्यांना सांगा, आधी रॉकेल सोडा."

"त्याला म्हणावं, एवढं कळतं तर इतके दिवस काय झोपला होतास?"

वहिनींनी ओला टॉवेल बादलीत आपटला. "मी काय टेलिफोन आहे? हातभर अंतरावर उभे आहात दोघं! तोंडं आहेत ना? वापरा ती." त्या आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

आता आली का पंचाईत! थोरल्याने रागारागाने पान्यावर सगळा भार टाकला. टक्कन आवाज झाला आणि बोल्टचे डोके तुटून जमिनीवर पडले.

"निघाला!" असे म्हणून थोरल्याने ते न बघताच भिरकावून दिले.

अरे, निघाला कुठे? नुसते डोके तुटले होते. धड तसेच माझ्या पोटात, दांड्याच्या खाचेत आडवे बसले होते. मी ओरडून सांगत होते. पण किकचे कोण ऐकते? हातोडा आला. दण! दण! मागून ठोकले, पुढून ठोकले, खालून पहार घालून उचकटले. माझ्या अंगाचे टवके उडाले. हातोडा निसटून थोरल्याच्या अंगठ्यावर बसला तेव्हा शिव्या कुणाला? मलाच! "हट्टी आहे नुसती!" म्हणे. मित्रांनो, इतका संताप मला जन्मात आला नव्हता. ज्याला बांधून ठेवले आहे, त्यालाच 'हलत का नाहीस' म्हणून मारायचे, हा कुठला न्याय?

शेवटी थोरला घामाघूम होऊन पायरीवर बसला. "जाऊ दे. आणतो ग्राइंडर. कापून टाकू एकदाची."

धाकटा खाली वाकला. त्याने मोबाइलच्या उजेडात माझ्या भोकात डोकावून पाहिले. कितीतरी दिवसांत प्रथमच कुणीतरी मला नीट बघत होते.

"दादा, थांब," तो म्हणाला. "बोल्ट आतच आहे."

'दादा' हा शब्द ऐकून थोरला दचकलाच. मग तो ड्रिल घेऊन आला. धाकट्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. ड्रिल घरघरू लागले, लोखंडाचा भुगा उडू लागला.

"नीट धर. हलतेय."

"धरलंय."

"त्या दिवशी गाडी अशी धरून ठेवली असतीस घरी, तर..." थोरल्याच्या तोंडून निसटले.

धाकट्याने मला सोडले नाही. "ब्रेक लागत नाही म्हणून आदल्या दिवशी ओरडत कोण होतं? तूच ना? बाबांनीच मला गॅरेजला पिटाळलं. म्हणाले, दादा उद्या कामावर जाईल, आजच्या आज करून आण. तुझ्यासाठी गेलो होतो मी."

ड्रिल बंद झाले.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू तर निकालच देऊन टाकलास."

थोरल्याने ड्रिल खाली ठेवले. मग पालथ्या हाताने डोळे पुसत तो म्हणाला, "चुकलं माझं." त्याने ड्रिल पुन्हा उचलले. "धर परत. थोडंच राहिलंय."

पोखरलेला बोल्ट त्यांनी पंच नावाची बारीक लोखंडी सळी लावून बाहेर ठोकला. मग रॉकेल सोडले, हळूहळू डावीउजवीकडे हलवले आणि मी दांड्यावरून अलगद निघाले. आतून कडी निघाल्याचा आवाज झाला. वहिनी कधीपासून दाराला कान लावून उभ्या होत्या, कुणास ठाऊक!

माझे म्हणाल तर हातोड्याने माझे दाते पार गेले होते. गाडीला नवी चकचकीत किक बसली आणि मी आले खिडकीत. वाऱ्याने तावदान आपटू नये म्हणून मला तिथे टेकवून ठेवतात. मला अजून राग येतो. वेळेवर तेलाचा एक थेंब मिळाला असता, तर आजही मी गाडी सुरू करून दिली असती.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरातली सायकल असो, नळ असो, कुलूप असो, त्याला अधूनमधून तेल द्या, पुसत जा. आणि एखादी गोष्ट अडकलीच, तर लगेच हातोडा उचलू नका. आधी जवळ या, उजेड धरा आणि विचारा, "कुठे अडकलंय गं तुझं?"