कूलिंग टॉवरच्या अठ्ठेचाळीस बाजू

सोळा बाजू झाल्या की गोल म्हणायचं.

कोराडीच्या बसमध्ये खिडकीच्या काठावर राख असते. कोपर टेकवायचं नाही.

शून्याने सुरू होणारी ओळ संगणक वाचून सोडून देतो. ती माणसांसाठी.

खोटं बोलायचं असलं की गार्गीकडचा चहा गोड होतो. (हे विहंगचं मत.)

७.३१८४२.

शेवटच्या आकड्यापासून सांगतो. विहंग आणि गार्गी एका हौशी संग्रहासाठी काम करतात: एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या संगणकी आकृत्या. एका ठोकळ्याची एक फाइल. एका ओळीत एक त्रिकोण किंवा चौकोन, त्याचे कोपरे कुठे आहेत एवढंच. ठोकळा हातात घ्यायचा, मोजायचा, आकडे लिहायचे. गोलाईला सोळा सपाट पट्ट्या पुरतात, म्हणून जुनाट संगणकावरही अख्खी इमारत उघडते.

मोजायचं स्वतः. दुसऱ्याच्या विकाऊ मॉडेलमधून आकृती उचलली, तर त्या माणसाच्या सगळ्याच फाइली काढून टाकतात. गार्गीची कित्येक वर्षांची मेहनत त्या संग्रहात होती.

तिने नवा ठोकळा पाठवला. कूलिंग टॉवर बांधायला लागणारी वाकडी भिंत. पूर्ण फेर धरला तर सोळा नाही, अठ्ठेचाळीस बाजू. आणि प्रत्येक आकड्याला दशांशांचं लांब शेपूट.

हाताने मोजणाऱ्याला ७.३ मिळतं. फार तर ७.३२.

७.३१८४२ कोणाला मिळतं? आयतं मॉडेल उचलणाऱ्याला.

विहंग संग्रहाचा परीक्षक. त्याने शून्याची ओळ टाकून सगळ्यांना दिसेल अशी हरकत लिहिली: ही आकृती उचललेली वाटते. चौघांनी लगेच दुजोरा दिला. मग तो बस धरून कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत तिच्या घरी गेला.

"काहून आला?" गार्गीने दारातच विचारलं.

"खरं सांग. कुठून उचललं?"

"मोजलं."

"अठ्ठेचाळीस बाजू?"

"खिडकीतून पाह्य. तो टॉवर तुले सोळा बाजूंचा दिसते का? सोळा लावल्या तर पिचकलेला डबा होते गा."

"अन् लोकायचे संगणक? तुझा टॉवर उघडला की माझा पंखा बोंबलते."

"मग जड झाली म्हण ना. चोरली काहून म्हणतो?"

आतून तिची आई, यमुताई, म्हणाल्या, "गार्गी, त्याले बसू तर दे वं. भांडाचंच असन तर चहा घेऊन भांडा."

चहा गोड होता. तो यमुताईंनी केला होता, हे विहंगने हिशेबात धरलं नाही.

"आकड्यायले शेपट्या कशा आल्या?"

"मले काय मालूम! मी साधेच लिहिले होते. मग टॉवरमध्ये बसवून पाह्यला अन् सेव्ह केला."

उत्तर फार लवकर आलं, असं त्याला वाटलं.

परतीच्या बसमध्ये:
बसवून पाह्यला.
बसवून पाह्यला म्हणजे फिरवला.
फिरवलेलाच सेव्ह केला?

ठोकळा नेहमी सरळ ठेवून सेव्ह करतात. तिरपा राहिला तर त्याचा प्रत्येक कोपरा सरकतो आणि साध्या आकड्यालाही शेपूट फुटतं. तीनशे साठला अठ्ठेचाळीसने भागलं की साडेसात अंश, म्हणजे एका बाजूचं वळण.

घरी येऊन त्याने फाइल साडेसात अंश उलटी फिरवली. गार्गी चोर निघावी, म्हणून फिरवली.

७.२५. ३.५. १२.

शेपट्या गळाल्या. सगळ्या.

त्याने पुन्हा फिरवून पाहिलं, कुठे तरी एखादी उरली असेल म्हणून. नव्हती. हरकत मागे घेतली. चौघांचा दुजोरा तसाच राहिला. संग्रहाने ठोकळा दोन रूपांत घेतला: सोळा बाजूंचा हलका, अठ्ठेचाळीस बाजूंचा देखणा. गार्गीच्या फाइली राहिल्या.

तिचा निरोप आला:

"आता मी तुझ्या मागच्या वर्षीच्या फाइली उघडून राहिली. सगळे आकडे एकतर पूर्ण, नाहीतर अर्ध्यावर. तुले कधी पाव मिलीमीटर भेटलाच नाही काय गा?"

मग संग्रहात विहंगच्या फाइलींच्या पानावर शून्याने सुरू होणारी नवी ओळ दिसली. गार्गीची हरकत. सगळ्यांना दिसेल अशी.

पाव मिलीमीटरही दाखवणारा मोजायचा व्हर्नियर विहंगने त्या फाइलींच्या कितीतरी आधी, २०२१ मध्येच विकला होता.