पिवळ्या घरापाशी अडलेली गाडी

मी यांको बोलतोय, व्हिएन्नाच्या जुन्या गावठाणात बग्गी ओढणारा घोडा. जोडीतला डावीकडचा मी, उजवीकडचा बोरिश. एकदा आमच्या बाजू बदलून पाहिल्या, तर दोघेही एकमेकांवर आपटत होतो.

जन्म माझा हंगेरीतल्या कुरणावर झाला. तिथे मोकळं धावायला मिळायचं, पण खरं सांगू? मला गर्दीच आवडते. कॅथेड्रलच्या सावलीत तोबऱ्यातले दाणे चघळत माणसं बघावीत. गावात नवी आलेली माणसं इमारती बघत मान वर करून चालतात आणि आमच्या नाकाशी आल्यावर दचकतात.

मालक एगोन. थापा मारण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. कॅथेड्रलमागच्या गल्लीत एक पिवळं घर आहे. तिथे गाडी थांबवून तो पाहुण्यांना सांगायचा, "या खिडकीतल्या मुलीसाठी एक राजपुत्र रोज इथे घोडा थांबवायचा." कधी राजपुत्राचा सेनापती व्हायचा. खिडकी मात्र तीच.

यंदा एगोनच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी रोमाना म्हणाली, "बाबा, लगाम मला द्या."

"शनिवारी एक फेरी मार. मी मागे बसतो. घोड्यांनी ऐकलं तर गाडी तुझी, नाहीतर विकून टाकतो दोघांना."

दोघांना मिळून एक गिऱ्हाईक भेटणार नव्हतं, हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बोरिशशिवाय मला चालायचं कसं हेच माहीत नाही. मी फार घाबरलो होतो.

शनिवारी ग्राझहून आलेलं एक वयस्क जोडपं मागे बसलं, त्यांच्या समोरच्या बाकावर एगोन. रोमानाने गाडी झकास हाकली. मग पिवळं घर आलं आणि आमचे पाय आपोआप थांबले.

"चल, यांको." मलाही चालायचं होतं. पण गोष्ट झाल्याशिवाय इथून निघायचं नाही, हीच आमची सवय.

मागच्या गाडीचा गाडीवान फेर्डी ओरडला, "एगोन, मुक्काम ठोकलास काय?"

एगोन गालात हसला. "राजपुत्राची गोष्ट सांग पोरी, निघतील."

"ती थाप मी सांगणार नाही."

"मग बस इथेच."

रोमाना पाहुण्यांकडे वळली. "या खिडकीत माझी आई राहायची. एक तरुण गाडीवान रोज इथे थांबायचा आणि घोड्याचा पट्टा सुटल्याचं सोंग करायचा. एक दिवस आईने वरून विचारलं, 'अहो, तुमचाच पट्टा रोज कसा सुटतो? चांभार बदला की.' पुढे त्यांचं लग्न झालं. आई गेल्यापासून बाबा हीच गोष्ट राजपुत्राच्या नावावर खपवतात. स्वतःच्या नावाने सांगायला गेले की त्यांना ती पुरी करता येत नाही."

तिने हलकेच लगाम हलवला आणि आम्ही निघालो. गोष्ट झाली होती ना.

गल्लीच्या वळणावर एगोन म्हणाला, "सोंग नव्हतं ते. पट्टा खरंच सुटायचा."

"रोज?"

"रोज." त्याने नाक पुसलं. "उद्यापासून लवकर उठत जा. यांकोला उशिरा दिलेलं खाणं चालत नाही."

आता गाडी रोमानाची आहे. बोरिश माझ्या उजवीकडेच आहे आणि मी सुखात आहे. एगोन अधूनमधून पाहुण्यांबरोबर मागे बसतो. तुम्ही कधी आमच्या गाडीत बसलात, तर त्या खिडकीखाली त्याच्याकडे बघू नका. डोळे पुसायला त्याला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आम्ही थांबतो.