कुणाला न दिसता

“आता सरक! मेल्याने पाठ फिरवलीय, सरक!” ताई माझ्या कानाशी ओरडल्या.

मी सरकलो नाही. माझ्या अंगठ्याने परस्पर तलवार उपसली, पहारेकरी आडवा झाला, त्याच्या हातातला कंदील फरशीवर आपटला आणि वर बुरुजावर घंटा वाजायला लागली. मग काय, धावत येतील त्या सगळ्यांना कापून काढणं आलंच. ते मात्र मी झकास केलं. पडद्यावरचं अंगण साफ झाल्यावर मी ऐटीत ताईंकडे पाहिलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून सगळी भांडी फोडून आलोय, असा त्यांचा चेहरा होता.

“संपलं. सगळे मेले,” मी म्हणालो.

“मेले ते आधीपासूनच होते,” ताई म्हणाल्या. “तू मारलेस.”

हा विनोद आमच्या ऑफिसबाहेर कुणाला कळायचा नाही. ताई त्यांच्या प्रत्येक पहारेकऱ्याला ‘मेला’ म्हणायच्या. आया पोरांना म्हणतात तसं. “मेल्याला थंडी वाजतेय बघ.” “मेला उभ्या उभ्या पेंगतोय.” आमच्या विभागात मात्र या शब्दाला एकच अर्थ होता. “काल किती मेले?” हा आमचा सकाळचा नमस्कार.

आम्ही गेम बनवतो. हा गेम एका मारेकऱ्याचा. किल्ल्यात शिरायचं, किल्लेदाराला मारायचं आणि बाहेर पडायचं. खेळणाऱ्याने हवं तर लपतछपत जावं, हवं तर दार फोडून. दार फोडून जाणाऱ्यांची सगळी सोय माझ्याकडे. वार, पलटवार, तलवारीची खणखण, रक्ताची चिळकांडी. ऑफिसात मला तलवार याच नावाने हाक मारतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

पहारेकरी ताईंकडे. पहारेकऱ्याला किती लांबचं ऐकू यावं, अंधारात किती दिसावं, संशय कधी यावा, हे सगळं त्या ठरवायच्या. आणि कसलाच संशय आला नाही, तर त्याने दिवसभर काय करावं, हेसुद्धा. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, डब्यातला घास हातात तसाच ठेवून त्या ते वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. आम्ही जाता-येता टिंगल करायचो. “काय ताई, आज कुणाचं नाक शिंकरलंत?”

मग साहेबांनी बैठक बोलावली. साहेब माणूस चांगला, पण वाईट बातमी देताना पेनचं टोपण चावतो. ते टोपण त्या दिवशी संपत आलं होतं.

“ताई, स्पष्टच सांगतो. आपण बाहेरच्या लोकांना खेळायला बसवलं. जवळजवळ सगळे पहिल्याच दाराशी तलवार काढतात. लपत कुणी नाही. गेम मारेकऱ्याचा आहे, लपाछपीचा नाही. तुमचे पहारेकरी काढून तिथे तलवारचे शिपाई उभे करावेत असं वरून म्हणणं आहे.”

“आणि मी?” ताईंनी विचारलं.

“तुम्ही घोड्यांकडे.”

कुणीतरी हसलं. ताई हसल्या नाहीत. “एकदा कुणीतरी नीट, न दिसता, शेवटपर्यंत जाऊन दाखवा वरच्यांना,” त्या म्हणाल्या. “मग काढा.”

साहेबांना त्यांची दया आली असावी. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई गुरुवारी येणार होत्या आणि शेवटचा शब्द त्यांचा होता. त्यांच्यासमोर खेळून दाखवायचं ठरलं. पण ताईंनी नाही, मी. “लपणाऱ्याला लपणं आवडणारच,” साहेब म्हणाले. “लढणाऱ्याला आवडतं का, ते बघू.”

म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून घंटा वाजवत होतो. दोन दिवस नुसती घंटा. पहारेकऱ्याने मान वळवली रे वळवली की माझा अंगठा तलवारीच्या बटणावर. इतक्या वर्षांची सवय, मेंदूला विचारतो कोण! शेवटी ताईंनी कपाळाला हात लावला.

“उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला ये,” त्या म्हणाल्या. “नवरा झोपलेला असतो. त्याला जाग न आणता जेवून दाखव. मग पुढचं बघू.”

मला वाटलं, ताई थट्टा करतायत.

त्यांचं घर जवळच होतं. दोन खोल्या. नवरा रुग्णवाहिका चालवतो, रात्रपाळीला. सकाळी येऊन बाहेरच्या खोलीत झोपतो, आणि स्वयंपाकघरात जायची वाट त्याच्या खाटेला लागून. ताईंनी दारातच माझे बूट काढायला लावले. मी आत पाऊल टाकलं आणि त्यांनी माझा दंड धरला.

“पाय टाकू नकोस,” त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. “ठेव.”

टाकणं आणि ठेवणं. मी मराठी बोलत मोठा झालो, पण या दोन शब्दांतलं अंतर मला त्या दारात कळलं. ताई पुढे निघाल्या. त्यांनी एक फरशी ओलांडली; ती डुगडुगणारी होती हे मला तिच्यावर पाय पडल्यावर समजलं. झोपलेल्या माणसाने कूस बदलली. मी एका पायावर बगळ्यासारखा उभा. ताई थांबल्या, त्याच्या श्वासाकडे कान देऊन, आणि मग तो घोरायला लागला तशा त्याच्या घोरण्याच्या आडून पुढे सरकल्या. मी मागोमाग.

आत त्यांची मुलगी अभ्यास करत होती. नुसते ओठ हलत होते, आवाज नाही. कुकर शिट्टीला आला तसा तिने पुस्तकातून डोकं वर न काढता हात लांब करून गॅस बंद केला. ताईंनी ताटं एकमेकांना न लावता काढली. वाढताना पळी कुठेच टेकली नाही. आम्ही तिघं जेवलो. मधेच मुलीला माझा चेहरा बघून हसू आलं, तर तीही बिचारी बिनआवाजाची हसली, खांदे गदागदा हलवत.

मला आधी गुदमरल्यासारखं झालं. मग हळूहळू लक्षात आलं की या घरात कुणी घाबरून गप्प नव्हतं. पलीकडे एक दमलेला माणूस झोपला होता आणि इकडे दोघी जणी त्याची झोप सांभाळत होत्या, जेवता जेवता, अभ्यास करता करता. रोज. मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं न दिसता जाणं म्हणजे मी भित्र्यांचं काम समजत होतो.

जिना उतरल्यावर ताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “चमचा पडला असता तर मारलं असतं तुला.”

गुरुवारी मोठ्या बाई आल्या. आवाजही मोठा, घड्याळही मोठं आणि त्यात त्या दर दोन वाक्यांनी बघायच्या. अख्खं ऑफिस माझ्या खुर्चीमागे उभं. ताई मात्र लांब खिडकीशी, पाठ करून. “मला बघवणार नाही,” म्हणाल्या.

मी सुरू केलं. भिंतीवरून उतरलो, सावलीत बसलो आणि थांबलो. पहिला पहारेकरी आला. माझा अंगठा वळवळला. पाय ठेव, मी स्वतःला म्हटलं, आणि बसून राहिलो.

पहारेकरी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. भाल्यावर रेलून त्याने एक बूट काढला, उलटा केला, झटकला. खडा पडला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वरिष्ठांनी बघितलं तर नाही ना म्हणून, आणि बूट चढवून पुन्हा ताठ होऊन चालायला लागला. मी या माणसाला शेकडो वेळा मारलं होतं. त्याच्या बुटात खडा होता हे मला माहीत नव्हतं.

“हे कुणी घातलं?” मागून कुणीतरी विचारलं.

पुढे जिन्यापाशी दोघं. एकाची दाढ दुखत होती. गाल धरून तो पायरीवर टेकला आणि दुसरा न बोलता त्याचीही फेरी घालून आला, मग पुन्हा स्वतःची. विहिरीपाशी एक नवखा शिपाई पाण्यात बघून सलाम ठोकायची तालीम करत होता. पहिल्यांदा हात चुकला, दुसऱ्यांदा शिरस्त्राण डोळ्यांवर आलं. मी तुळईवर पालथा पडून बघत होतो. माझ्यामागे कुणी खोकलं तर लोक त्याच्याकडे रागाने बघायचे. पडद्यावरच्या माणसांना आमचा आवाज जाणार आहे असं सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं. मोठ्या बाईंनी पायातले टाचांचे बूट काढून बाजूला ठेवले, आणि ते काढलेत हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

मी थक्क झालो होतो, दुसरा शब्द नाही. देवळात लहानपणी व्हायचो तसा. आमच्याच गेममध्ये, माझ्या तलवारीच्या खणखणाटाखाली, एवढं मोठं गाव नांदत होतं आणि ते फक्त जो मारणार नाही त्यालाच दिसणार होतं. घंटा वाजली की दाढदुखी संपली, सलाम संपला, सगळे एका साच्यातले शिपाई.

किल्लेदाराच्या खोलीत मी पडद्यामागे पोचलो. तो दिव्याजवळ बसला होता, डगल्याचं बटण हातात. सुईत दोरा ओवत होता. डोळ्यांना दिसत नव्हतं. दोरा सुईच्या शेजारून जायचा, तो पुन्हा ओठांत ओला करायचा, पुन्हा सुई दिव्यासमोर धरायचा. पाठ माझ्याकडे. आता फक्त तलवारीचं बटण दाबायचं. ज्या अंगठ्याने दोन दिवस मला छळलं, तो अंगठा हलेना.

“थांब,” मोठ्या बाई अगदी हळू म्हणाल्या. “जाऊ दे त्याचा दोरा.”

आम्ही थांबलो. अख्खं ऑफिस. दोरा गेला तेव्हा साहेबांनी सुस्कारा सोडला. मग मी डोळे मिटून बटण दाबलं. घंटा वाजली नाही. मी जसा आलो तसा बाहेर पडलो आणि किल्ल्यात अजून कुणाला काही माहीत नव्हतं. तो शिपाई विहिरीपाशी सलामच करत होता. ते सगळ्यात वाईट होतं. इतकी माणसं मारून मला कधी कसंनुसं झालं नव्हतं.

मोठ्या बाई उठून थेट खिडकीशी गेल्या, अनवाणीच.

“तुम्ही केलंत हे?”

“हो.”

“मी या धंद्यात असं काही पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज खरंच भरलेला होता. “आणि हे बघायला कुणी थांबणार नाही. मी थांबले, कारण मला बसवलं होतं. घरी असते तर मीही पहिल्या दाराशी तलवार काढली असती. तुम्हाला खोटं सांगणार नाही, ताई. हे निघणार.”

मी उभा राहिलो. “बाई, पण तुम्ही स्वतःच...”

“तू बस,” ताई मला म्हणाल्या. मग मोठ्या बाईंना, “खरं बोललात, बरं वाटलं. एक मागते. माझे मी काढीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या खाली मान घालून काम करत होत्या. साहेब दोनदा डोकावून गेले. त्यांच्या मते काम सोपं होतं: सगळे एकदम निवडायचे आणि एक बटण दाबायचं. ताईंना इतका वेळ का लागतोय, हे विचारायचं धाडस मात्र त्यांना होईना.

“तलवार, इकडे ये,” शेवटी ताईंनी हाक मारली. “तुझा मारेकरी उभा कर अंगणात. मला नीट बघायचंय.”

मी तो आणून उभा केला, भर उन्हात, मधोमध. ताईंनी किल्ल्याचा मोठा दरवाजा उघडला. तो आमच्या गेममध्ये कधीच उघडत नसे.

आधी बुरुजावरचे उतरले. मग जिन्यावरचे दोघं, एक अजून गाल धरून, दुसऱ्याच्या खांद्यावर दोघांचे भाले. विहिरीवरचा पोरगा, मुदपाकखान्यातला लठ्ठ, तबेल्यातला लंगडा. प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाच्या पावलांचा आवाज वेगळा. रांग नव्हती, घाई नव्हती. पाळी सुटल्यावर माणसं निघतात तसे दोघं-तिघं मिळून निघाले होते. ताईंनी प्रत्येकाला वेगळी वाट आखून दिली होती, दाराबाहेरच्या रस्त्यापर्यंत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक एकेक करून उठून उभे राहिले.

माझा मारेकरी नेमका त्यांच्या वाटेत होता. मी त्याला बाजूला घेतलं. ते त्याच्या अंगावरून गेल्यासारखे जवळून गेले, आणि कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

किल्लेदार सगळ्यांच्या शेवटी आला, डगल्याची सगळी बटणं लावून. तो दिसेनासा झाल्यावर अंगणात नुसतं ऊन राहिलं.

ताईंनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. डब्याची पिशवी उचलली, उठल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“चल,” त्या म्हणाल्या, “आता तुझे आण.”