हनुवटी उचलणारी पोरं

तलावावरच्या सरांची पोरं कुठल्याही स्पर्धेत लांबूनच ओळखू यायची. श्वास घ्यायचा झाला की सगळी उजवीकडेच वळायची, आणि हनुवटी अशी वर काढायची, जणू बाहेरून कुणी हाक मारलीय. दुसऱ्या क्लबचे प्रशिक्षक हसायचे. सरांना वाटायचं, जळतात मेले.

एका अपघातानंतर सरांची मान डावीकडे वळायची बंद झाली होती, उजवीकडेही हनुवटी उचलूनच वळायची. तरी ते रोज पाण्यात उतरून पोरांना पोहून दाखवत आणि वर बजावत, "मी करतो तसं नको, मी सांगतो तसं करा!" शिकण्याच्या मानसशास्त्रावर त्यांचा भारी जीव. माणूस बघून शिकतो, हे त्यांचं वाक्य पालकांना तोंडपाठ झालं होतं. ते आपल्यालाही लागू पडतं, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

शिरलं ते लेकीमुळे. संघाची निवड तोंडावर आली होती, तिच्या वयोगटातली शेवटची संधी, आणि पात्रतेची वेळ तिची अगदी थोडक्यात हुकत होती. हनुवटी वर आली की कंबर खाली जायची. सरांनी काठावरून सपाटा लावला, "हनुवटी! खांदा! कोपर!" ते जितकं ओरडत, तितकी ती लाकडासारखी होई. शेवटी तिने गॉगल काढून आपटला.

"बाबा, तू बोलायला लागलास की मला पोहताच येत नाही!"

त्या दिवशी सरांना जेवण गेलं नाही. बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, दुडूदुडू चालायला लागल्यापासून ती तुम्हाला पाण्यात बघतेय. कानांनी कोण शिकतंय इथे?"

"म्हणजे माझं दुखणं मी लेकीला दिलं?"

"दुखणं कशाला? आवडता बाप पोहतो तशी पोहते पोरगी. आता रडू नका हं."

सर रडले नाहीत, नाक तेवढं ओढलं. "दुसऱ्या कुणाकडे पाठवतो तिला," ते म्हणाले. म्हणताना जीव तुटत होता.

"पाठवा की. माझ्याकडे पाठवा."

लग्नाआधी, अपघाताच्याही आधी, बायको त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकली होती. लेक झाल्यावर तलाव सुटला तो सुटलाच.

"अगं, जमेल का आता?"

"अंगात मुरलेलं जात नाही, असं तुमचीच पुस्तकं म्हणतात ना?"

सकाळी तिने टोपीत केस कोंबले, "पोटाकडे बघून हसायचं नाही," असा दोघांना दम भरला आणि पाण्यात शिरली. पहिल्या फेरीत धाप लागली. दुसरीत अंग सैल सुटलं. मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पाण्याला गाल टेकवून अलगद वळू लागली. शिट्टी सरांच्या तोंडातच राहिली. ते पोहणं त्यांचं होतं. बाहेरून त्यांनी ते इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं.

"आई एवढं भारी कुठे शिकली?" काठाला धरून लेकीने विचारलं.

"माझ्याकडे," सर म्हणाले.

लेकीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू असा पोहायचास, बाबा?"

सरांनी नुसतं हो म्हटलं.

लेकीने गॉगल चढवला आणि आईच्या मागे निघाली. पहिल्यांदाच डावीकडे वळून श्वास घेतला, नाकात पाणी गेलं, जोरदार ठसका लागला, पण ती थांबली नाही. सर काठाने दोघींच्या बरोबरीने चालत राहिले, तोंडातून एक अक्षर न काढता.