शेवटच्या पिशवीचं दूध

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या पार्ल्यात कोणाचाच बसत नाही, आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्यांचा तर मुळीच नाही. तरी सांगतो. आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात माझी बायको येते. नलिनी. तिला जाऊन चारेक वर्षं झाली. येते ती सकाळी, दूध तापायच्या वेळेला.

गेल्या रविवारी नाश्त्याच्या टेबलाशी मी हे घरच्यांना सांगून टाकलं. सांगावंच लागलं, कारण मी नुकताच हरलो होतो.

हरलो दुधावरून. माझी सून क्षमा अंधेरीला एमआयडीसीत नोकरी करते. तिने पुठ्ठ्याच्या डब्यातलं दूध आणलं. कुठल्याशा बारीक चाळणीतून गाळलेलं, कारखान्यातच कडकडीत तापवून बंद केलेलं, फोडेपर्यंत महिनोन्महिने कपाटात सुखाने राहणारं. पिशवी धुवायला नको, तापवायला नको, करपलेलं पातेलं घासायला नको.

"तापवायचं नाही ते दूध कसलं?" मी म्हटलं.

"भांडण नको, बाबा. दोन्ही पिऊन बघू. जिंकेल ते राहील."

आठवडाभर घरात दोन दुधं सवतींसारखी नांदली. नात गंधाली पंच. डोळे मिटून ती दोन्ही पेले प्यायली आणि डब्यातल्याला "गोडसर आहे, आटवल्यासारखं, मस्त" म्हणाली. चहात कोणाला फरक कळेना, पण माझा मुलगा देवदत्त डब्याच्या दुधाचा चहा मागून मागून प्यायला. फितूर! माझी सगळी भिस्त दह्यावर होती. हे बंद डब्यातलं दूध विरजणाला दाद देणार नाही, अशी माझी खात्री. ते इतकं घट्ट लागलं की वाटी उपडी केली तरी हलेना. राहता राहिली साय. ती मात्र फक्त पिशवीच्या दुधावर, जाड, पिवळसर.

"साय कोण खातं हल्ली?" गंधाली म्हणाली. झालं, निकाल लागला.

क्षमाने फ्रीजमधली पिशवी फोडून पातेल्यात ओतली, गॅस बारीक केला आणि येऊन बसली. "ही शेवटची. उद्यापासून पिशवी बंद."

"पिशवी बंद केलीस," मी म्हटलं, "तर तुझी सासू बाहेर राहील."

पोहे खाणारे सगळे चमचे थांबले.

"आपली जुनी इमारत तीन मजल्यांची. नलिनी गेली ती त्या घरातून. मग ती पाडली, आपण जोगेश्वरीला भाड्याने राहिलो. तिथे ती एकदाही आली नाही. येईल कशी? पत्ता कोणी दिला तिला? मग हा टॉवर झाला आणि गृहप्रवेशाला आपण दूध उतू घातलं. आठवतं? त्या वासावर आली ती."

"आजोबा, सकाळी सकाळी काय हे!" गंधालीने पाय वर खुर्चीत घेतले.

"जिन्याने येते. लिफ्टची तिला सवय नाही. तीन मजले चढते आणि सवयीने उजवीकडचं दार वाजवते. तिथे आता मार्तंड कामत राहतात, विचार त्यांना. दार उघडलं की कोणी नसतं. फक्त वाकडं झालेलं पायपुसणं सरळ केलेलं असतं."

क्षमाने देवदत्तकडे पाहिलं. पायपुसणी सरळ करत फिरायची सवय नलिनीलाच होती, तीही शेजाऱ्यांची.

"चौथ्या मजल्यापासून वर तिच्या लेखी इमारतच नाही, नुसतं आभाळ. तिथून ती वासाने चढते. पाचव्यावर कोणी बदामाचं दूध पितं. सातव्यावर डबे. तिथे वास नाही, म्हणजे तिच्यासाठी अंधार. जिन्यात चाचपडत उभी असते. मग आपल्याकडचं दूध तापायला लागतं आणि तिला वाट दिसते."

"आणि वर येऊन?" गंधालीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ओट्यापाशी उभी राहते. मला पाठ तेवढी दिसते, आणि ओल्या केसांचा अंबाडा. हाक मारली तर वळत नाही. दूध वर आलं की गॅस बंद होतो, आणि बघावं तर पातेल्यावर पळी आडवी ठेवलेली."

"बाबा, सकाळी ओट्यापाशी तुम्हीच असता," क्षमा म्हणाली.

"असतो ना. सोबतीला." मी जरा पुढे सरकलो. "आणि परवाचं ऐक. तुझा एक डबा मी फोडला. नवाकोरा, सीलबंद. कात्रीने कापला, तर आत साय! आणि त्या सायीचा एक कोपरा बोटाने उचललेला. देवदत्ता, लहानपणी तुला साखर घालून द्यायची ना ती, अगदी तसा."

हसायला हवं होतं कोणीतरी. देवदत्त हातातल्या चमच्याकडे बघत राहिला.

"मी दूध बघून येते," क्षमा अर्धवट उठली.

"बस गं. शेवटचं तर आहे." ती बसली. "उद्या डबा उघडाल तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबेल. कामतांचं पायपुसणं सरळ करेल, वर बघेल. वास नाही. परवाही नाही. मग कधीतरी यायचीच थांबेल. आणि ओट्यापाशी मी एकटा."

मला वाटलं, आता एकच फटका मारला की पिशवी वाचली.

"तिच्या हातचं दूध कधी उतू गेलं नाही," मी म्हटलं. "जन्मात एकदासुद्धा. म्हणून तर पळी बघून मी ओळखलं, हीच आपली नलिनी."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फस्सकन आवाज झाला. पाठोपाठ करपलेल्या दुधाचा वास आला, भरभरून, पार दिवाणखान्यापर्यंत. गंधाली किंचाळली. क्षमा धावणार तोच देवदत्तने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता, आणि त्याचे डोळे लहानपणीसारखे झाले होते.

"खोटं, बाबा," तो म्हणाला. "साफ खोटं. पळी तुम्ही ठेवायचात. आईचं दूध रोज उतू जायचं."