स्मरणपत्र क्रमांक चार

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. पण ‘अरेरे, बिचारा’ म्हणणार असाल, तर माझ्या कळांमध्ये बोट अडकलं की काय होतं ते आधी कुणाला तरी विचारून या. मला दया नको. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या, तेवढं पुरे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी दांडे, त्यांच्या टोकाला अक्षरं आणि ओळ संपत आली की वाजणारी घंटी. पुढची एकवीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या पायऱ्यांवर, घडीच्या टेबलावर काढली. माझ्यामागे आमच्या बाई बसायच्या. लोकांना कचेरीत द्यायचे अर्ज त्या टाइप करून देत. कुणाचा नळ कोरडा, कुणाचं नाव यादीतून गळलेलं. माणूस रडत, चिडत, गुऱ्हाळ लावून सांगायचा आणि बाई त्यातून नेमक्या चार ओळी काढायच्या. वर ‘महोदय’, खाली ‘आपला विश्वासू’. उत्तर आलं नाही की पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. आणि प्रत्येकाला एकच सल्ला: “साहेब भेटत नाहीत म्हणाले, तरी पायरीवरून उठायचं नाही. उठलात की संपलात.”

बाईंच्या अर्जाला वजन असतं, असं लोक म्हणायचे. त्यातलं निम्मं वजन माझं होतं, हे मात्र कुणी म्हटलं नाही.

मग संगणक आले. पायऱ्यांवरचे माझे भाऊबंद एकेक करून भंगारात गेले. भंगारवाल्यानं मलाही उचलून पाहिलं. बाई कडाडल्या, “खाली ठेव! तो अजून टाइप करतो आणि मी अजून जिवंत आहे.” अशा रीतीनं मी बाईंच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर आलो.

घरात बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघंच. दादा जन्मभर बसचे कंडक्टर. तोंडाचा पट्टा असा, की शेजाऱ्यांना रेडिओ लावायची गरज पडत नसे. एके सकाळी चहा ओतता ओतता त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला एकच उद्गार, ‘हूं’.

रुग्णालयात एक निवृत्त नर्स आजाऱ्यांना भेटायला येत. सगळे त्यांना आत्या म्हणत. त्या दादांची उशी नीट करत आणि शेजारी बसून प्रार्थना करत. बाई आधी नुसत्या ऐकत, मग प्रश्न विचारत, मग त्यांच्याबरोबर चर्चला जाऊ लागल्या. वर्षभरानं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बाईंनी बाप्तिस्मा घेतला. “आता तू देवाची लेक झालीस, रोज प्रार्थना करत जा,” आत्या म्हणाल्या. कशी, ते सांगायचं राहून गेलं.

बाईंना मागायची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी माझ्यात कागद घातला.

‘प्रति, परमेश्वर. विषय: थोरल्या बंधूंची वाचा परत मिळणेबाबत.’

पुढे क्रमवार कारणं, दादांच्या चांगल्या वर्तणुकीचा उल्लेख आणि शेवटी ‘आपली नम्र अर्जदार’. कार्बन लावून दोन प्रती, एक फाइलला आणि एक बायबलात. हातात कागद धरून बाई तो खड्या आवाजात वाचायच्या आणि ‘आमेन’ म्हणायच्या. हसू नका. इतक्या मनापासून टाइप केलेला अर्ज मी एकवीस वर्षांत पाहिला नव्हता.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र गेलं, मग दुसरं, मग तिसरं. ‘अद्याप काहीही कळविण्यात आलेले नाही.’ बाई झुरणीला लागल्या. अर्जातच काही चूक असेल म्हणून शुद्धलेखन तपासत बसल्या. आपण नव्या, आपली वर ओळख नाही, असंही त्यांना वाटू लागलं.

एका दुपारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं, “ताई, यापुढे बोलण्यात फरक पडेल असं वाटत नाही.”

घरी येऊन बाईंनी दादांना खुर्चीत बसवलं आणि माझ्यात कागद घातला. ‘स्मरणपत्र क्रमांक चार. महोदय,’ एवढं झालं आणि त्यांची बोटं अशी कोसळली, की माझे सात दांडे एकमेकांत अडकले. मी मुद्दाम अडकलो नाही. पण सुटायची धडपडही केली नाही, हे कबूल करतो. त्या सभ्य ओळींचा मला वीट आला होता.

बाईंनी माझ्यावर मूठ आपटली. घंटी वाजली. त्या छताकडे बघून ओरडल्या, “नको देऊस उत्तर! मीही नाही लिहिणार! माझ्या दादाचं तोंड बंद करून काय मिळालं रे तुला? घर खायला उठतं मला. भीती वाटते. मी बोलू कुणाशी? लेक म्हणतोस ना मला? मग लेकीसारखं ऐक माझं! मी अर्जदार नाही तुझी!”

दारात आत्या उभ्या होत्या, संत्र्यांची पिशवी घेऊन. बाई शरमेनं अर्ध्या झाल्या. “आत्या, काय गेलं हे माझ्या तोंडून! देवावर ओरडले मी.”

आत्यांनी पिशवी खाली ठेवली. “इतके दिवस कचेरीच्या दारात उभी होतीस. आज घरात आलीस. प्रार्थना म्हणतात ती हीच गं.”

“पण मी भांडले!”

“परक्याशी असं भांडतं का कुणी?”

“हूं!” खुर्चीतून आवाज आला. दादा डाव्या हातानं खुर्चीवर थापा मारत होते. “हूं! हूं!” त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. इतके महिने आपण दादासाठी लिहितोय, पण प्रार्थनेला एकदाही त्याला शेजारी बसवून घेतलं नाही, हे बाईंना तेव्हा कळलं.

आता रोज संध्याकाळी दोघं जवळ बसतात. बाई देवाला दिवसभराचं सांगतात. दूध नासलं. दादा दोन पायऱ्या चढले, त्याबद्दल आभार. शेजारणीच्या सुनेचा ताप उतरू दे. आज मी उगाच चिडले, माफ कर. कधी भांडतात. कधी सांगायला काहीच नसतं, तेव्हा दोघं नुसती बसून राहतात. शेवटी दादा ‘हूं’ म्हणतात. त्या घरात आमेनच्या जागी तेच चालतं.

माझ्याकडे आता काम नाही. ‘महोदय’ लिहिलेला तो कागद अजून माझ्यात आहे, दांडे अजून अडकलेले आहेत. तरी बाई रोज माझ्यावरची धूळ पुसतात. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूची, जुन्या माणसाची, एवढी तरी विचारपूस करा. आणि प्रार्थनेला बसाल तेव्हा शब्दांना इस्त्री करत बसू नका. चुरगळलेले असतील तर चुरगळलेले न्या.

दादांचं बोलणं परत आलेलं नाही. मी खोटं सांगणार नाही. पण काल बाई प्रार्थनेत काय म्हणाल्या, ते ऐका.

“तू आज उत्तर दे, नाहीतर देऊ नकोस. आम्ही दोघं पायरीवरून उठणार नाही.”

“हूं,” दादा म्हणाले.