पंधरा लाख वर्षांची मयत

एबेईला खोदकामाच्या कॅम्पवर सगळे डुकरांचा दंतवैद्य म्हणत. नऊ वर्षं तो तुर्कानाच्या वैराण मुलखात कोरड्या ओढ्यानाल्यांतून मान खाली घालून हिंडत होता, जुन्या माणसाचं हाड सापडावं म्हणून. आणि नऊ वर्षं त्याला जुन्या डुकरांचे दात सापडत होते. त्या काळी डुकरांना मरण्याखेरीज दुसरा उद्योग नसावा.

मंगळवारी दुपारी मात्र शेळ्यांच्या वाटेलगतच्या उतारावर एक जबडा दिसला. खालचा. अर्धा मातीत, अर्धा बाहेर. दाढा पाहताच एबेईच्या लक्षात आलं, हे डुक्कर नव्हे. तो खाली बसला. मग उठला. मग पुन्हा बसला. अशा वेळी काय करायचं ते त्याने इतक्यांदा मनात घोळवलं होतं की आता काहीच आठवेना.

नियम तसा सोपा होता. हाडाला हात लावायचा नाही. फोनवर फोटो काढायचा, खूण म्हणून दगडांचा ढीग रचायचा आणि खोदकामाच्या प्रमुख मुएनीबाईंना कळवायचं. शेळ्यांचे खूर पडू नयेत म्हणून एबेईने जबड्याच्या दोन बाजूंना दगड ठेवून वर एक चपटा दगड टाकला, त्यावर गुडघ्याएवढा ढीग रचला आणि तो कॅम्पच्या वाटेला लागला.

फोटो पाहून मुएनीबाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "गाडी शुक्रवारीच मोकळी होईल, सकाळी घेऊन येते. शनिवारी सगळा कॅम्प दक्षिणेला हलतोय, म्हणजे हातात एकच दिवस. पावसाळ्यानंतर तो उतार जागेवर असेल की नाही देव जाणे. आणि एबेई, हे डुक्कर निघालं तर तुला मी त्याच्याच शेजारी पुरेन."

गुरुवारी सकाळी एबेई परतला तेव्हा ढीग छातीएवढा झाला होता. वर बाभळीच्या काटक्यांचा क्रूस होता. पायथ्याशी कुणीतरी चिमूटभर तंबाखू ठेवली होती.

चूक एबेईचीच होती. वाटेत मेलेल्या परक्या माणसावर दगड रचतात आणि जाणारायेणारा त्यावर आपला एक दगड टाकतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो स्वतःही टाकायचा. पण नऊ वर्षांच्या नोकरीत ढीग म्हणजे डुक्कर हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की ढीग म्हणजे मयतही असू शकते, हे तो विसरूनच गेला. त्यात बुधवारी विहिरीवर शेळ्यांना लस टोचायला डॉक्टर आले होते. अर्धा मुलूख या वाटेने गेला. शेवटी मोटरसायकलवरून पास्टर लोंगोले गेले.

पास्टर आत्ताही तिथेच होते. वाऱ्याने कललेला क्रूस सरळ करत होते.

"बेवारस होता रे बिचारा," ते म्हणाले. "पण मी काही कमी पडू दिलं नाही. दोन गाणी म्हटली. एकटाच होतो, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही आवाज मीच लावले."

"पास्टर, यात माणूस नाही."

"मग काय आहे?"

"म्हणजे आहे. पण जुना आहे."

"किती जुना? मागच्या दुष्काळातला?"

"पंधरा लाख वर्षं."

पास्टरांनी क्रूस सोडला. तो पुन्हा कलला.

"हे बघ, एबेई. काल मी देवाला सांगितलं, हा आमचा भाऊ, याला पदरात घे. मला रडूही आलं. आणि आज तू म्हणतोस माकड."

"माकड नाही म्हणालो."

"मग माणूस?"

"तसंही नाही म्हणालो."

"डोक्यावर पडलायस का? माकड नाही, माणूस नाही, मग मी रडलो कुणासाठी?"

एबेईने कललेला क्रूस सरळ केला. सहा दिवस तो हाडं शोधायचा आणि सातव्या दिवशी पास्टरांच्या चर्चमध्ये ढोल वाजवायचा. दोन्ही कामांचे वार वेगळे असल्यामुळे त्यांची आपापसात कधी गाठच पडली नव्हती.

"ढीग काढू द्या, पास्टर. उद्या बाई येतायत. नऊ वर्षांत हे एकच सापडलंय मला."

"कबर उकरू देणार नाही. आत जो कोण असेल तो आता देवाच्या हवाली आहे. माणूस असेल तर आदामाच्या आधी तो इथे काय करत होता, ते मला कळलं पाहिजे. आणि नसेल तर मला देवासमोर जाऊन सांगावं लागेल की काल चुकून भलताच माल पाठवला."

तेवढ्यात शेळ्या हाकत एबेईची आत्या आली. आसेकोन तिचं नाव. कुठे भांडण चाललेलं दिसलं की तिच्या शेळ्यांना तिथेच चारा सापडायचा.

"या ढिगावरून भांडताय? यात माझे तीन दगड आहेत. एक माझा, एक तुझ्या काकाचा, त्याचे गुडघे दुखतात. तिसरा असाच, हातात बरा वाटला म्हणून. आत कोण आहे?"

एबेईने फोन पुढे केला. आत्याने फोटो मोठा करायला लावला, उन्हातून सावलीत नेला, उलटा धरला.

"खालचे पुढचे दोन दात नाहीत," ती म्हणाली, आणि तिने आ वासला. तिच्या वयाच्या सगळ्यांचे असतात तसे तिचेही खालचे पुढचे दोन दात लहानपणीच उपटलेले होते. "आपलाच आहे."

"आत्या, ते दात मेल्यावर गळलेत."

"तू होतास तिथे?"

"नव्हतो."

"मग गप."

पास्टरांच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला. "आपलाच असेल तर तो माझ्याच मंडळीतला झाला!" मग तजेला हळूहळू उतरला. "पण एबेई, याच्या आधी कोण होतं?"

"असेच. जरा वेगळे."

"आणि त्यांच्या आधी?"

"आणखी जरा वेगळे."

पास्टर दगडावर टेकले. "म्हणजे कधीतरी एक पोर असं निपजलं असणार, ज्याने वर बघून विचारलं, हे सगळं कुणी केलं? आणि शेजारी त्याची आई बसलेली. तिला तो प्रश्न जन्मात पडला नव्हता. तो देवाचा, आणि ती नाही? एकाच झोपडीत?"

एबेईने ढिगाकडे नव्याने पाहिलं. इतके दात मोजले, पण असं कुठलं पोर त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"काहीतरीच," आत्या म्हणाली. "आईनेच शिकवलं असणार. पोरं आपणहून काय शिकतात? माझी तर तोंडसुद्धा धूत नाहीत."

"मग तिला कुणी शिकवलं?"

"तिच्या आईने."

"आणि तिला?"

"पास्टर, तुम्ही असेच मागे मागे जात राहा. शेवटी ज्याला आई नसेल तो देव."

एका शेळीने तंबाखू खाल्ली.

"मयताच्या घरच्यांनी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी," पास्टर अखेर म्हणाले.

"मी दिली," आत्या म्हणाली. "दात माझ्यासारखे आहेत. पण ज्याने जो दगड टाकला तो त्यानेच उचलायचा. दुसऱ्याचा दगड उचलणं बरं नव्हे."

मग काय, पास्टर मोटरसायकल घेऊन लोकांना गोळा करत फिरले. माणसं आली आणि सगळ्यांना आठवत होतं की आपला दगड मोठा होता. "हा माझा नव्हे, माझा याच्या दुप्पट होता!" "दुप्पट? तुला पाण्याचा डबा उचलवत नाही!" लहान दगडांना कुणी वाली नव्हता. ते एबेईने निमूटपणे आपले म्हणून उचलले. गुरुवार त्यातच संपला, आणि शुक्रवारी उजाडताच उरलेले लोक आले. दूर गाडीचा धुरळा दिसू लागला तेव्हा फक्त चपटा दगड राहिला होता. एबेईने तो दोन्ही हातांनी सरकवला.

जबडा होता तिथेच होता.

मुएनीबाई गाडीतून उतरल्या, गर्दीतून वाट काढत आल्या. "ही सगळी माणसं कोण?"

"घरची मंडळी," एबेई म्हणाला.

बाई वाकल्या. "डुक्कर नाही," एवढंच म्हणाल्या आणि मातीतच बसल्या. एबेईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तो उगाच इकडेतिकडे चार पावलं चालून आला.

पास्टर गुडघ्यांवर बसून वाकून वाकून बघत होते. "याची हनुवटी कुठाय?"

"नसते यांना," एबेई म्हणाला. "ती फार नंतर आली."

पास्टरांनी आपली हनुवटी मुठीत धरली. "देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, असं मी तीस वर्षं सांगतोय. कोणता माणूस, ते अजून कुणी विचारलं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "एबेई, देवाला हनुवटी असेल का रे?"

"मला वाटलं ते तुम्हाला माहीत असेल."

"नाही ना," पास्टर म्हणाले, आणि कित्येक वर्षांत एवढी चांगली बातमी ऐकली नसावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मुएनीबाईंनी पिशवीतून ब्रश काढले आणि कुणाचे हात रिकामे आहेत ते बघितलं. एक एबेईला दिला. दुसरा पास्टरांनी आधीच घेतला होता.

"हळू हं," एबेई म्हणाला.

पास्टरांनी मान हलवली, श्वास रोखला, आणि जिथे हनुवटी नव्हती तिथली माती अगदी हलक्या हाताने झाडायला सुरुवात केली.